छेद लहान, जबाबदारी मोठी
(खुब्याच्या सांधेरोपणानंतरची गुंतागुंत आणि रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग : सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



खुब्याचे दुखणे माणसाला एका दिवसात अंथरुणावर टाकीत नाही. ते त्याचे जग हळूहळू लहान करीत जाते. प्रथम मंदिराच्या पायऱ्या जड होतात, मग सामायिकाला मांडी घालून बसता येत नाही, पुढे पायाची नखे कापण्यासाठीही दुसऱ्याला हाक मारावी लागते. अशा वेळी डॉक्टर सांधा बदलण्याचा सल्ला देतात आणि घरात चर्चा सुरू होते. त्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो : "कापणार किती?" उत्तर मिळते, "अगदी लहान छेद आहे, तीन-चार दिवसांत घरी." सर्वांचा जीव भांड्यात पडतो. आजच्या विषयाचा आरंभ याच निःश्वासापासून होतो. छेद लहान असला म्हणजे शस्त्रक्रिया लहान असते काय, आणि घरी लवकर आले म्हणजे आजारपण लवकर संपले काय, हे दोन प्रश्न प्रत्येक कुटुंबाने शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वी स्वतःला विचारणे आवश्यक आहे.

सांधेरोपण म्हणजे काय?

कमरेच्या हाडातील वाटी आणि मांडीच्या हाडाचा गोळा मिळून खुब्याचा सांधा होतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. ते झिजले की हाडावर हाड घासू लागते. पाश्चात्त्य देशांत खुब्याची झीज पुष्कळ आढळते. आपल्याकडे गुडघ्याची झीज त्याहून अधिक दिसते. मात्र गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तेथील हाड मृत होण्याचा विकार हे भारतात खुबारोपणाचे एक प्रमुख कारण आहे आणि तो ऐन तारुण्यातही होतो. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे व मद्यपान ही त्याची परिचित कारणे होत. २०२० व २०२१ मधील कोविडच्या साथीत स्टिरॉइड घ्यावे लागलेल्या काही रुग्णांतही पुढे हा विकार आढळला.

आजच्या सांधेरोपणाचा पाया इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. रुग्ण आनंदाने चालू लागले. पण थोड्याच वर्षांत त्या वाट्या झिजल्या आणि त्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास आरंभ केला. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून शुद्ध करण्याची व्यवस्थाही त्यांनी केली आणि संसर्गाचे प्रमाण अनेक पटींनी खाली आणले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये या शस्त्रक्रियेला 'शतकातील शस्त्रक्रिया' म्हणून गौरविले ते उगाच नव्हे. चार्नली यांच्या उदाहरणातून घेण्याचा बोध मात्र वेगळा आहे. रुग्ण पहिल्या आठवड्यात कसा चालतो यावर त्यांनी यश मोजले नाही. तो वर्षानुवर्षे कसा चालतो यावर मोजले.

लहान छेदाची कथा

पूर्वी या शस्त्रक्रियेसाठी पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरचा छेद घेतला जाई. २००० नंतरच्या काळात दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लहान छेदातून तेच काम करण्याच्या पद्धती पुढे आल्या. शिकागोतील शल्यविशारदांनी दोन लहान छेदांची पद्धत रूढ केली आणि काही रुग्णांना त्याच दिवशी घरी पाठविले. वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली. रुग्ण स्वतः होऊन लहान छेदाची मागणी करू लागले.

मग शास्त्राने आपल्या शिस्तीने परीक्षा घेतली. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे २१९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला सोळा सेंटिमीटरचा छेद, दुसऱ्याला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. शल्यविशारद तेच, भूल व औषधोपचारही सारखेच. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्तस्राव, वेदना, वेदनाशामक औषधांची गरज, चालण्याची सुरुवात आणि रुग्णालयातील मुक्काम, यांपैकी कशातही दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेतील एका तुलनेत लहान छेदाच्या गटात जखमेच्या तक्रारी आणि वाटी सदोष कोनात बसण्याचे प्रमाण उलट अधिक दिसले होते. मेयो क्लिनिकने दोन छेदांच्या पद्धतीची एका लहान छेदाशी तुलना केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन छेदांच्या रुग्णांचीच प्रगती काहीशी संथ ठरली.

याचा अर्थ लहान छेद वाईट, असा मुळीच नाही. कुशल हातांत ती उत्तम पद्धत आहे. स्नायू कमी दुखावण्याचा तिचा हेतू योग्यच आहे आणि तिच्यामुळे भूल, वेदनाशमन व लवकर चालविणे यांत झालेली सुधारणा सर्वच रुग्णांना लाभली. परंतु त्वचेवरची रेघ लहान झाली तरी आत हाड तेवढेच कापले जाते, वाटी तेवढीच खरवडली जाते आणि बसविलेला सांधाही तेवढाच मोठा असतो. फरक इतकाच, की शल्यविशारदाला दिसणारी जागा मात्र लहान होते. अशा ठिकाणी अनुभवाला सर्वाधिक मोल येते. कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या नोंदींवरून २०१४ मध्ये असे दिसून आले, की वर्षाला पस्तीस किंवा त्याहून कमी खुबारोपणे करणाऱ्या शल्यविशारदांच्या रुग्णांत सांधा निखळण्याचे आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागण्याचे प्रमाण जास्त होते. त्याच प्रांतातील तीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सध्या लोकप्रिय असलेल्या पुढच्या बाजूच्या पद्धतीत वर्षभरातील मोठी गुंतागुंत शंभरात सुमारे दोन रुग्णांत, तर बाजूच्या वा मागच्या पद्धतीत सुमारे एका रुग्णात आढळली. दोन्ही आकडे लहानच आहेत. मात्र नवी पद्धत म्हणजे आपोआप अधिक सुरक्षित पद्धत, हा समज त्यांनी दूर होतो.

पहारा कोणाकडे आला?

आता विषयाच्या गाभ्याकडे वळू. एके काळी खुबारोपणाचा रुग्ण दोन-तीन आठवडे रुग्णालयात राहत असे. जखम पाझरू लागली तर सकाळच्या फेरीत परिचारिकेला दिसे. पोटरी सुजली तर डॉक्टरांचा हात तिच्यावर पडे. आज रुग्ण एक ते चार दिवसांत घरी येतो. ही चांगलीच गोष्ट आहे. रुग्णालयातील जंतू, खर्च आणि अंथरुणाला खिळून राहणे, तिन्ही टळतात. परंतु गुंतागुंतीचे वेळापत्रक बदललेले नाही. जखम पाचव्या-सातव्या दिवशीच पाझरते, रक्ताची गुठळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही होते, सांधा निखळण्याचा धोका पहिले तीन महिने विशेष असतो. म्हणजे जे पूर्वी रुग्णालयाच्या खाटेवर घडे, ते आता घरच्या पलंगावर घडते. पहारा परिचारिकेकडून सुनेकडे, मुलाकडे, वृद्ध जोडीदाराकडे आला आहे. पण कशावर लक्ष ठेवायचे हे त्यांना क्वचितच समजावून दिलेले असते.

अमेरिकेत वयोवृद्धांच्या शासकीय आरोग्य विम्याने तीस दिवसांच्या आत रुग्ण परत दाखल होण्याचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांचे पैसे कापण्यास २०१२ मध्ये सुरुवात केली आणि २०१४ पासून खुबा व गुडघा रोपणाचाही त्यात समावेश केला. तेथे या शस्त्रक्रियांनंतर साधारण शंभरात चार ते पाच रुग्ण महिन्याच्या आत पुन्हा दाखल होतात. पडून खुबा मोडलेल्या वृद्धांची गोष्ट वेगळी. ते आधीच अशक्त असतात व त्यांच्यात हे प्रमाण बरेच अधिक असते. परत येण्याची कारणे दोन प्रकारची. एक सांध्याची : जखमेची तक्रार, जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, हाडाला तडा जाणे. दुसरी शरीराची : हृदयविकार, न्यूमोनिया, लघवी अडणे, गुठळी, पोटातील रक्तस्राव. म्हणून केवळ टाके पाहून समाधान मानणे पुरेसे नाही.

जखम आणि हळद

घराघरांत घडणारा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. आजींना घरी आणून पाच दिवस झाले आहेत. ड्रेसिंगवर पिवळसर ओल दिसते. ताप नाही. शेजारच्या वहिनी सांगतात, "एवढे होतेच." कोणी हळद लावते, कोणी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणते. ओल थांबल्यासारखी वाटते, पुन्हा येते. पंधरा दिवस जातात. मग ताप येतो, पाय टेकवत नाही आणि आजी पुन्हा दाखल होतात. कोणीही निष्काळजी नव्हते. सर्वांनी मायेनेच केले. तरी मोलाचे पंधरा दिवस हातचे गेले.

ते मोलाचे का, हे समजून घेणे आवश्यक आहे. कृत्रिम सांध्याला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्यावर बसले की आपल्याभोवती बुळबुळीत पापुद्रा विणतात. तो पक्का झाला की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. अगदी आरंभीच्या काळात सांधा उघडून स्वच्छ धुतला व सुटे भाग बदलले, तर मूळ सांधा अनेकदा वाचतो. उशीर झाला, तर तो काढून, काही आठवडे औषधे देऊन, दुसऱ्यांदा नवा बसवावा लागतो. फिलाडेल्फिया येथे २०१३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरविलेले मत असे आहे, की जखम पाच-सात दिवसांहून अधिक पाझरत राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार विनाविलंब करावा आणि केवळ अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर विसंबून राहू नये. गोळी संसर्ग झाकते. नेहमीच मिटवीत नाही. ड्रेसिंगवर नवी ओल दिसली की ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच दाखवावे, हा नियम प्रत्येक घरात पाठ असावा.

गुठळी, औषध आणि व्रत

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो. ती गुठळी फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध बहुधा दोन आठवड्यांपासून पस्तीस दिवसांपर्यंत दिले जाते. बरे वाटते म्हणून ते मध्येच थांबविणे हे धोक्याचे आहे.

येथे आपल्या समाजाने मोकळेपणाने बोलावे असे तीन मुद्दे आहेत. पहिला, या कामासाठी दिले जाणारे हेपारिन आणि त्यापासून बनविलेले एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून तयार होते. हे कळल्यावर काही श्रावक ते मुकाट्याने बंद करतात व डॉक्टरांना सांगत नाहीत. तसे करण्याचे कारण नाही. फोंडापॅरिनक्स हे संपूर्ण कृत्रिम इंजेक्शन आहे. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान यांसारखी तोंडाने घ्यावयाची औषधे आहेत. अनेक रुग्णांत अ‍ॅस्पिरिनही वापरतात. मूत्रपिंडाची स्थिती आणि रुग्णाचा धोका पाहून त्यांतील योग्य ते डॉक्टरच निवडतील. पण विचारणा शस्त्रक्रियेपूर्वी व्हावयास हवी. दुसरा मुद्दा चौविहाराचा. यांतील काही औषधे दिवसातून एकदा, तर काही बारा तासांच्या अंतराने दोनदा घ्यावयाची असतात. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असेल तर तो आधी सांगितल्यास वेळापत्रक त्याप्रमाणे आखता येते. न सांगितल्यास रात्रीची गोळी रोज चुकते आणि कोणाला कळतही नाही. तिसरा मुद्दा उपवासाचा. शरीरातील पाणी कमी झाले की गुठळीचा व मूत्रपिंडावरील ताणाचा धोका वाढतो आणि वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी जठराला इजा करतात. व्रताचा निर्णय ज्याचा त्याने, गुरुमहाराजांच्या व डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचा आहे. मात्र पर्युषणाच्या तोंडावर ठरविता येण्याजोगी शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हा साधा विवेक होय.

बसणे, उठणे, चालणे

सांधा मागच्या बाजूने बसविला असेल तर पहिल्या काही आठवड्यांत खाली वाकणे, पायावर पाय टाकणे, बुटक्या स्टुलावर बसणे यांमुळे तो निखळू शकतो. आपले पुष्कळसे जीवन जमिनीवर चालते : पाटावरचे जेवण, भारतीय पद्धतीचा शौचकूप, प्रतिक्रमणातील बैठक, पंचांग नमस्कार. ही आसने केव्हा, कितपत आणि कायमची करावयाची की नाही, हे सांधा कोणत्या बाजूने बसविला यावर अवलंबून असते. म्हणून एकाच्या शस्त्रक्रियेची पथ्ये दुसऱ्याने उसनी घेऊ नयेत. पुढच्या बाजूच्या पद्धतीत बंधने सामान्यतः कमी असतात. मात्र मांडीच्या बाहेरच्या बाजूस बधिरपणा येऊ शकतो व तो बहुधा त्रासदायक ठरत नाही. खुर्चीवर बसून, हात जोडून केलेली वंदना उणी ठरत नाही, हे ज्येष्ठांना घरच्यांनीच प्रेमाने पटवून द्यावे. अनेक ज्येष्ठ केवळ संकोचाने खाली बसतात व सांधा निखळवून घेतात.

सांधा निखळला तर एकदम कळ येते, पाय आखूड दिसतो आणि आत वा बाहेर वळतो. अशा वेळी मालीश करणे किंवा पाय ओढणे सर्वथा टाळावे. रुग्णास उचलून तडक रुग्णालयात न्यावे. घरात पडल्यास दुखणे कमी असले तरी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, कारण सांध्याभोवतीचे हाड तडकलेले असू शकते. उंच कमोड, हाताला आधाराचा दांडा, ओली नसलेली फरशी, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या आणि रात्री जळता दिवा, या पाच गोष्टी रुग्ण घरी येण्यापूर्वीच सिद्ध ठेवाव्यात.

आधीची तयारी

परत दाखल होण्याची बीजे अनेकदा शस्त्रक्रियेपूर्वीच पेरलेली असतात. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान, तंबाखू, अतिस्थूलता, रक्तक्षय, दातांतील वा त्वचेवरील संसर्ग यांनी गुंतागुंत वाढते. धूम्रपान किमान चार आठवडे आधी सोडावे. रक्तातील अल्ब्युमिन कमी असलेल्यांची जखम भरण्यास अडचण येते. शाकाहारात डाळी, दूध, दही, पनीर, सोयाबीन यांनी प्रथिनांची गरज भागते. पण वृद्धांचे जेवण पुष्कळदा चहा, खाकरा आणि थोडा भात यांवर आलेले असते. जीवनसत्त्व ब१२ ची उणीवही आपल्यात वारंवार आढळते. दोन महिने आधी ही तपासणी करून आहार सुधारणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

डॉक्टरांना चार प्रश्न विनयाने, पण अवश्य विचारावेत. आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? सांधा कोणत्या बाजूने बसविणार आणि त्याची पथ्ये कोणती? रक्त पातळ ठेवणारे औषध कोणते व किती दिवस? आणि रात्री काही झाले तर कोणत्या क्रमांकावर, कोणाशी बोलावयाचे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या घराला त्याचे उत्तर माहीत असते, ते घर हळद लावीत बसत नाही.

घराच्या भिंतीवर लावून ठेवावी अशी सूचीही लहानच आहे : जखमेतून नवी ओल किंवा वाढती लाली, ताप, कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, एका पोटरीला सूज व दुखणे, पडणे वा पाय आखूड दिसणे, काळा शौच. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी संपर्क साधावा. छातीत दुखले, धाप लागली किंवा शुद्ध हरपली, तर फोनची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे.

शेवटी एक गोष्ट मनावर ठसवावी. रुग्णालयात परत जाणे हा अपशकुन नव्हे आणि डॉक्टरांचा अवमानही नव्हे. खर्चाची भीती, "उगाच त्रास कशाला" हा संकोच आणि "लोक काय म्हणतील" ही धास्ती, या तिन्हींपायी जितके सांधे जातात तितके लहान छेदामुळे जात नाहीत. वेळेवर गेलेला रुग्ण बहुधा लवकर परत येतो. उशिरा गेलेल्याला महिने मोजावे लागतात. समाजाच्या संस्थांनी वॉकर, उंच कमोड आणि आधाराच्या खुर्च्या यांचा लहानसा साठा ठेवावा आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांकडे पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा कोणी तरी जाऊन यावे. तेथे जाणाऱ्याने प्रकृतीची केवळ वास्तपुस्त न करता ड्रेसिंग कोरडे आहे ना, गोळ्या चालू आहेत ना, इतके विचारले तरी एखाद्या आजींचा सांधा वाचेल.

छेद लहान ठेवणे हे शल्यविशारदाचे कौशल्य आहे. तो लहानच राहावा, पुन्हा उघडावा लागू नये, ही जबाबदारी मात्र घरातल्या प्रत्येकाची आहे.